पँडेमिक: आठवी ते दहावीच्या मुलांसोबत खेळावा असा पट, आणि त्यानंतर बघावा असा एक सिनेमा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ओळखीतले आईवडील हटकून विचारतात, पोरांना दुपारभर एका जागी बसवेल असं काही आहे का? माझं उत्तर ठरलेलं आहे. पँडेमिक नावाचा पट घ्या, घरची मुलं आणि शेजारची एकदोघं यांना घेऊन बसा, आणि ती त्यात मुरली की ‘कंटेजन’ हा सिनेमा त्यांच्याबरोबर बघा. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, थुंकी, स्वॅब हे रोजचं काम. साथीच्या रोगावर कुणी खेळ काढलाय म्हटल्यावर तो मी नीट पारखूनच घरात आणला. आता रविवारी दुपारी आमच्याकडे तो मांडला जातो. माझी मुलगी नववीत आहे, भाचा आठवीत. वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी येतात, आणि समोरच्या घरातला दहावीतला एक अबोल मुलगा येतो.

पँडेमिक २००८ साली बाजारात आला. रचना मॅट लीकॉक या अमेरिकन माणसाची. मी लिहितेय ते २०१३च्या सुधारलेल्या आवृत्तीबद्दल. पटावर जगाचा नकाशा, त्यावर ४८ शहरं आणि शहरं जोडणाऱ्या रेषा. निळा, पिवळा, काळा, लाल असे चार रोग, आणि प्रत्येक रोगाचे २४ बारके ठोकळे. खेळणारे दोन ते चार, आणि सगळे एकाच बाजूला. चारही रोगांवरचं औषध शोधलं तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले. जिंकायची वाट ही एवढी एकच. हरायच्या तीन: आठवा उद्रेक झाला (एका शहरातला रोग शेजारच्या शहरांत सांडणं म्हणजे उद्रेक), कुठल्याही एका रंगाचे ठोकळे संपले, किंवा खेळाडूंच्या पत्त्यांची गड्डी संपली.

आपल्याकडे पटावरून मुलांना काही शिकवणं नवं नाही. ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगितला जाणारा मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, हा तसाच प्रकार. पण सापशिडीत फासा पडेल तसं चालायचं, डोकं लावायला जागा नाही. व्यापारात डोकं लागतं, पण समोरच्याचं दिवाळं काढल्याशिवाय जिंकता येत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात शाळा, क्लास आणि गुणपत्रिका मिळून ‘मी पुढे, तू मागे’ एवढंच बसवत असतात. त्यांना एकत्र बसून, एकमेकांचं ऐकून, वेळ संपायच्या आत निर्णय घ्यायची सवय कोण लावतं? माझ्या मते हा पट लावतो, आणि त्यासाठी त्याचे पैसे वसूल आहेत.

आता खेळ चालतो कसा ते सांगते. पत्त्यांच्या गड्ड्या दोन, एक रोगाची आणि एक खेळाडूंची, आणि दोन्हींत शहरांचे रंगीत पत्ते. सुरुवातीला रोगाच्या गड्डीतून नऊ शहरं निघतात: पहिल्या तीन शहरांवर तीन-तीन ठोकळे, पुढच्या तीन शहरांवर दोन-दोन, शेवटच्या तीन शहरांवर एकेक. सगळी प्यादी अटलांटातून निघतात, कारण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं मुख्यालय तिथे आहे. प्रत्येकाला आपल्या पाळीत चार चाली. शेजारच्या शहरात जायचं, ठोकळा काढायचा, संशोधन केंद्र उभारायचं, सोबत्याला पत्ता द्यायचा किंवा घ्यायचा, यातलं काहीही. मग खेळाडूंच्या गड्डीतून दोन पत्ते घ्यायचे, आणि शेवटी रोगाच्या गड्डीतून शहरं उघडून तिथे नवे ठोकळे ठेवायचे. आपण काढतो ते ठोकळे आपल्या मर्जीनं, येतात ते गड्डीच्या मर्जीनं.

एकाच रंगाचे पाच पत्ते घेऊन संशोधन केंद्रात पोचलात की त्या रोगाचं औषध सापडतं. खरी गंमत इथे आहे. तोच पत्ता विमानाचं तिकीटही असतो. मुंबईचा पत्ता टाकला की कुठूनही थेट मुंबईत पोचता येतं, पण तो पत्ता औषधाच्या हिशेबातून कायमचा गेला. एका रंगाचे पत्ते बाराच. सात वाया गेले तरी चालतं, आठवा गेला की त्या रोगावर औषध नाही (प्रत्येक खेळाडूला एक खास भूमिका मिळते, त्यातल्या सायंटिस्टला चार पुरतात, तेवढी एक सवलत). माझा भाचा पहिल्या डावापासून विमानानं फिरणारा. जिथे आग दिसेल तिथे उडी. तीन ठोकळे साफ केले की त्याला फार मोठं काम झाल्यासारखं वाटायचं. वरच्या मजल्यावरच्या धाकटीनं एकदा टाकलेले पत्ते बोटानं सरकवत मोजले आणि त्याला म्हणाली, “दादा, लाल सहा गेले. अजून दोन गेले की आपण हरलो, नुसतं कुणी सांगितलेलं नसेल.” त्यानंतर तो पत्ता हातात धरून थांबायला लागला. आजची गरज आणि पुढची तरतूद यातला हा झगडा चौदाव्या वर्षी असा बोटांवर मोजून कळणं, ही मला या खेळाची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

मुलांना हेही उशिरा कळतं की जिंकण्यासाठी पट स्वच्छ करायचा नसतो. औषधं चार शोधायची असतात, बस्स. ठोकळे शिल्लक राहिले तरी हरकत नाही. सोप्या पातळीवर तिघांनी खेळलं तर वाटून झाल्यावर गड्डीत ४८ पत्ते उरतात. एका पाळीला दोन, म्हणजे २४ पाळ्या, म्हणजे माणशी आठ. नीटनेटकी मुलं झाडलोट करण्यात पहिल्या पाच पाळ्या घालवतात आणि मग गड्डीकडे बघून त्यांचा चेहरा उतरतो.

आणि गड्डीत ‘एपिडेमिक’चे पत्ते लपलेले असतात. सोप्या पातळीला चार, मग पाच, मग सहा. तो पत्ता निघाला की रोगाच्या गड्डीच्या तळातलं शहर काढून तिथे एकदम तीन ठोकळे ठेवायचे, आणि त्यानंतर आतापर्यंत उघडलेली सगळी शहरं पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवायची. म्हणजे जिथे रोग आधीच आहे तीच शहरं परत निघणार. या एका नियमासाठी रचनाकाराला मी शंभरपैकी शंभर देईन. साथ अशीच वागते. जिथे लागण झाली तिथेच ती वाढते, नकाशावर सगळीकडे सारखी शिंपडली जात नाही.

एकदा तिघांच्या डावात माझ्या मुलीकडे मेडिकची, म्हणजे एका चालीत अख्खं शहर साफ करणाऱ्याची, भूमिका होती आणि तिच्याच पाळीला एपिडेमिक निघाला. पिसून वर ठेवलेले पत्ते सोळा होते, त्यात मुंबई होती, आणि मुंबईवर तीन ठोकळे. पाळीला दोन शहरं उघडत होती. भाचा म्हणाला, सोळात दोन, म्हणजे आठात एक, एवढं काय घाबरायचं. थोरली बहीण म्हणाली, “एका पाळीचं नको धरू. मेडिकची पाळी परत येईपर्यंत तिघांचे मिळून सहा उघडणार. सोळात सहा.” दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे, पण तिथे प्रश्न फाशांचे आणि रंगीत चेंडूंचे असतात, उत्तर चुकलं तर गुण जातात एवढंच. इथे त्या सोळात सहावर मुंबई टिकते की जाते हे अडलेलं होतं. सगळे पुढे सरकून बसले.

उद्रेकाचा नियम असा: शहरात तीन ठोकळे मावतात. चौथा यायची वेळ आली की तो शेजारच्या प्रत्येक शहरात एकेक करून सांडतो. शेजारी आधीच तीन असतील तर तेही फुटतं. मुंबईचे शेजारी कराची, दिल्ली आणि चेन्नई. वर सांगितलेल्या डावात दिल्लीवरही तीन होते, कराची आणि चेन्नईवर दोन-दोन. पुढच्याच पाळीला मुंबई निघाली. कराची तीनवर गेली, चेन्नई तीनवर गेली, दिल्ली फुटली. दिल्लीतून तेहरान आणि कोलकात्यात एकेक गेला आणि कराची, चेन्नई दोन्ही फुटल्या. कराचीतून रियाध, बगदाद, तेहरान. चेन्नईतून कोलकाता, बँकॉक, जकार्ता. एका पत्त्यात चार उद्रेक, हरायला लागणाऱ्या आठातले निम्मे. काळे ठोकळे दहाचे वीस झाले, डबीत राहिले चार. हे सगळं मुलांनी स्वतःच्या हातांनी मांडलं, एकेक ठोकळा उचलून. बोलायचं कुणाला सुचत नव्हतं. ‘तीनच तर आहेत, अजून काही झालेलं नाही’ हे वाक्य त्या दिवसानंतर आमच्या पटाभोवती ऐकू आलेलं नाही.

लॅबमध्ये आम्ही हेच रोज बघतो. माणसं साखर तपासायला येतात ती चक्कर येऊन पडल्यावर. काही झालेलं नसताना केलेली तपासणी ही वायफळ वाटते. ज्या दिवशी वेळेवर उपाय होतो त्या दिवशी दाखवायला काहीच नसतं, आणि म्हणून कुणी त्याची किंमत करत नाही. पटावर मात्र मुलं मुंबईवरचा तिसरा ठोकळा वेळेत काढतात आणि पुढच्या पाळीला मुंबईच निघते, तेव्हा टाळ्या पडतात. न घडलेल्या गोष्टीसाठी टाळ्या पडलेल्या मी दुसऱ्या कुठल्या खेळात बघितलेल्या नाहीत.

भूमिकांबद्दल थोडं. एकूण सात आहेत, त्यातली एक ज्याच्या-त्याच्या वाट्याला येते. मेडिक एका चालीत शहरातले त्या रंगाचे सगळे ठोकळे काढतो. क्वारंटाइन स्पेशालिस्ट जिथे उभा असतो तिथे आणि शेजारच्या शहरांत नवा ठोकळा पडत नाही. रिसर्चर आपल्याकडचा कुठलाही शहराचा पत्ता सोबत असलेल्याला देऊ शकतो. बाकीच्यांना मात्र दोघंही त्याच शहरात असतील तरच त्या शहराचा पत्ता देता-घेता येतो, आणि ही देवाणघेवाण दोघांच्या संमतीनं. मला सर्वांत आवडते ती डिस्पॅचरची भूमिका. तो दुसऱ्याचं प्यादं आपल्या चालीनं हलवू शकतो, पण त्या माणसाची परवानगी घेऊन. नियमातच तसं आहे. समोरच्या घरातल्या अबोल मुलाच्या वाट्याला ती आली होती. तो मुलगा दारात आला तरी बेल वाजवायच्या आधी मिनिटभर उभा राहतो. त्या डावात त्याला प्रत्येक पाळीत कुणाला तरी विचारावं लागलं, ‘तुला कैरोला नेऊ का?’ पहिल्या दोन वेळा पटाकडे बघून विचारलं, नंतर माणसाकडे बघून. शेवटी माझ्या मुलीनं ‘नको’ म्हटलं तर त्यानं नकाशावर बोट ठेवून तिला का नेतोय ते समजावून दिलं, आणि ती गेली.

यातच या खेळाचा मोठा दोषही आहे. सगळे एका बाजूला म्हटल्यावर जो हुशार आणि बोलका असतो तो सगळ्यांचा डाव एकटाच खेळायला लागतो. तू इथे जा, तू तो पत्ता दे, तू थांब. बाकीचे नुसते हमाल. आमच्याकडे हे काम माझी मुलगी करायची. नियमपुस्तिका सल्ला द्यायची पूर्ण मोकळीक देते, पण यावर काही ठोस बंधन घालत नाही, आणि मोठी माणसं सोबत असली की हा प्रकार आणखी वाढतो. आम्ही घरचा एक नियम केला: ज्याची पाळी त्यानं आधी बोलायचं. तो काय करणार आणि का, हे सांगून होईपर्यंत बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नाही. आणि शेवटचा शब्द त्याचाच. मुलीला हे जड गेलं. ओठ दाबून बसायची. पण तिला प्रश्न विचारायची कला त्यातून आली. ‘हे करू नकोस’च्या जागी ‘मग पिवळ्याचं काय?’ असं ती विचारते. हा खेळ घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की पहिल्या डावापासून हा नियम ठेवा, आणि मोठ्यांनी तो सगळ्यात कसोशीनं पाळा.

आणखी काही बारीकसारीक. डब्यावर आठ वर्षांपासून असं छापलेलं आहे. माझ्या मते बारा. त्याआधी मुलं ठोकळे हलवतील, पण पुढच्या तीन पाळ्यांचा विचार त्यांच्याकडून होत नाही. वेळ ४५ मिनिटं लिहिलीय. नवख्या मुलांबरोबर दीड तास धरा. पत्ते आणि नियमपुस्तिका इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी भूमिकांच्या आणि विशेष घटनांच्या पत्त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेल्या मराठी चिठ्ठ्या डकवल्या, तेवढ्यानं काम भागतं. शहरांची नावं सगळ्यांना वाचता येतात, आणि किन्शासा कुठे आहे, खार्टूम कुठल्या देशात, हे विचारून-विचारून त्यांचा भूगोलही पक्का झाला. ठोकळे फार बारीक आहेत. पंखा, लहान भावंडं आणि मांजर यांच्यापासून सांभाळा. किंमत दोन हजारांच्या वर जाते, ती एका घराला जास्त वाटत असेल तर बिल्डिंगमध्ये वर्गणी काढून घ्या. चौघांनाच खेळता येतं, पण पाचवा रोगाचे पत्ते उघडायला आणि ठोकळे मांडायला बसतो, आणि आमच्याकडे त्या जागेसाठी भांडणं होतात. याचीच ‘लेगसी’ नावाची दुसरी मालिका आहे, तिच्यात पत्ते फाडायचे आणि पटावर स्टिकर लावायचे असतात, म्हणजे एकदा खेळून झाली की झाली. सुरुवात तिच्यानं करू नका.

आता सिनेमाकडे का वळायचं ते सांगते. या पटावर माणसं नाहीत. क्वारंटाइन स्पेशालिस्ट शहरात उभा राहिला की साथ थांबते, कुणी तक्रार करत नाही, कुणी रोगी लपवत नाही, कुणी खोटं पसरवत नाही. औषध सापडलं की सापडलं, ते आधी कुणाला द्यायचं हा प्रश्नच नाही. ही मुलं २०२० साली प्राथमिक शाळेत होती. त्यांना मोबाइलवरचे वर्ग आठवतात, ताट-वाट्या वाजवलेल्या आठवतात. पण तेव्हा मोठ्यांच्या जगात काय चाललं होतं ते त्यांना उमगायचं वय नव्हतं. ‘कंटेजन’ ते दाखवतो, आणि विशेष म्हणजे तो २०११चा आहे.

स्टीव्हन सोडरबर्गचा हा सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे. विषाणू काल्पनिक, नाव एमईव्ही-१, पण रचताना निपाहसारखा विषाणू डोळ्यांसमोर ठेवलेला. कोलंबिया विद्यापीठातले विषाणूशास्त्रज्ञ इयान लिपकिन सल्लागार होते आणि ते जाणवतं. साथीची चौकशी करायला आलेली डॉक्टर सरकारी अधिकाऱ्यांना फळ्यावर आकडे लिहून समजावते की एक रोगी सरासरी किती जणांना लागण करतो यावर सगळं अवलंबून आहे. तिथे मी सिनेमा थांबवला नव्हता, मुलांनीच थांबवायला लावला. धाकटी म्हणाली, “म्हणजे तेच, आपल्या शेजारच्या शहरांच्या रेषा.” अगदी तेच. पटावर दिल्लीला पाच रेषा आहेत आणि मुंबईला तीन, म्हणून दिल्ली जास्त धोक्याची, हे तिला आधीच ठाऊक होतं.

पण मुलांनी सगळ्यात जास्त वाद घातला तो दोन जागी. रोगनियंत्रण केंद्राचा प्रमुख, डॉक्टर चीव्हर, शिकागोची नाकेबंदी जाहीर व्हायच्या आधी आपल्या होणाऱ्या बायकोला फोन करून शहराबाहेर पडायला सांगतो. ती मैत्रिणीला सांगते आणि बातमी फुटते. भाचा चिडला, म्हणाला याला नोकरीवरून काढलं पाहिजे. माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला कळलं असतं तर मी बाबांना फोन केला असता.” अबोल मुलानं विचारलं, “आणि बाबांनी त्यांच्या मित्राला केला असता तर?” यावर अर्धा तास बोलणं चाललं आणि मी एकदाही मधे पडले नाही. पुढे तो चीव्हर आपल्या वाटची लस केंद्रातल्या सफाई कामगाराच्या मुलाला देतो. त्यानं आधीचं धुऊन निघतं का, यावरही एकमत झालं नाही, आणि न झालेलंच बरं.

दुसरा वाद लशीच्या सोडतीचा. सिनेमात लस आधी कुणाला हे जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून ठरवतात. थोरलीचं म्हणणं, यासारखं न्याय्य काही नाही, श्रीमंत-गरीब सगळे सारखे. भाच्याचं म्हणणं, डॉक्टर, नर्स आणि रुग्णवाहिकेचे चालक आधी, नाहीतर बाकीच्यांना टोचणार कोण? आपल्याकडे २०२१च्या जानेवारीत लसीकरण आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच सुरू झालं होतं, मलाही तेव्हाच मिळाली, हे मी सांगितलं. पुण्यात बनलेली लस मिरजेत माझ्या दंडात टोचली गेली, हे ऐकून धाकटीला उगाच अभिमान वाटला. मला तो उगाच वाटला नाही.

सिनेमातला एक इसम इंटरनेटवर लिहून लोकांना पटवतो की फोर्सिथिया नावाच्या वनस्पतीचा अर्क घेतला की रोग बरा होतो. औषधांच्या दुकानांत दंगली होतात. या भागाला मी मुद्दाम मुलांशेजारी बसते. कोरोनाच्या काळात लॅबच्या खिडकीशी उभं राहून माणसं मला फोनवरचे निरोप वाचून दाखवायची, काढे, वाफ, अमुक गोळी, तमुक फुंकर. काही जण तपासणीच नको म्हणायचे कारण ‘पॉझिटिव्ह आला तर नेतात’. त्या निरोपांत खोटं काय हे मुलांना मी सांगत नाही, मी त्यांना विचारायला लावते: हा माणूस काय विकतोय? त्याला हे कसं कळलं? दुसऱ्या कुणी तपासून बघितलं का? सोशल मीडियावर वाढणाऱ्या मुलांना ही तीन वाक्यं तोंडपाठ हवीत.

आणि एक प्रसंग असा की ज्यासाठी मी हा सिनेमा आपल्याकडच्या मुलांना दाखवायलाच हवा म्हणते. लस शोधणारी डॉक्टर हेक्स्टल वाट बघत बसत नाही, स्वतःच्या मांडीत सुई खुपसते आणि आजारी वडिलांजवळ जाऊन मास्क काढते. मुलांना वाटलं, ही सिनेमातली करामत. मी त्यांना सांगितलं की हे मुंबईत घडलेलं आहे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात आकासियो व्हिएगास या मूळ गोव्यातल्या हडफड्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मग वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. मुलांनी हाफकिनचं नाव पोलिओच्या डोसाबरोबर ऐकलेलं होतं, माणूस म्हणून नव्हे.

तिथून गोष्ट पुण्याकडे वळली, कारण सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला गेल्या हे सगळ्यांना पाठ होतं. मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणलं होतं. त्याच शहरात त्याच महिन्यांत रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते, माणसांना उचलून नेत होते, आणि लोक भीतीनं रोगी दडवत होते. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात ही तिन्ही नावं वेगवेगळ्या धड्यांत येतात. त्या संध्याकाळी अबोल मुलानं ती पटावर एकत्र ठेवली. मेडिकचा पत्ता उचलून म्हणाला, “या सावित्रीबाई.” सायंटिस्टचा हाफकिनना. क्वारंटाइन स्पेशालिस्टचा पत्ता हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, “हा रँड. पण मग याला शहरात उभं केल्यावर ठोकळे वाढायला पाहिजेत, थांबायला नको.” त्याच्या त्या वाक्यावरून आम्ही घरचा आणखी एक नियम केलाय: क्वारंटाइन स्पेशालिस्टला एखादं शहर अडवायचं असेल तर आधी एक चाल तिथे लोकांना समजावण्यात घालवावी लागते. नाही घालवली तर ठोकळा पडतो. खेळ थोडा अवघड होतो, पण मुलांनी तो स्वतःहून अवघड करून घेतलाय.

सिनेमाबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. सुरुवातीच्या भागात एका लहान मुलाचा मृत्यू आहे आणि शवविच्छेदनाचा प्रसंग आहे, तो अंगावर येतो. तेरा वर्षांखालच्यांना दाखवू नका. आणि मुलांपैकी कुणाच्या घरातलं माणूस कोरोनात गेलेलं असेल तर पट मांडायच्या आधीसुद्धा त्याला बाजूला घेऊन विचारा. वरच्या मजल्यावरच्या दोघींचे आजोबा त्यात गेले. धाकटीला दोन्ही चाललं. थोरली म्हणाली, खेळेन, पण सिनेमा मला मधूनच उठावंसं वाटलं तर उठेन. ती एकदा उठली, स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याबरोबर शेंगा सोलत बसली, आणि सोडतीच्या प्रसंगाला परत आली. शेवटची दोन मिनिटं मात्र सगळ्यांनी बघा, गोष्ट संपली असं वाटून बंद करायची घाई नको. साथीचा पहिला दिवस तिथे आहे, आणि कामाच्या ठिकाणी हात धुण्याबद्दल मी रोज जे सांगते ते तिथे एका शब्दाविना दाखवलंय.

घ्यायचाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी चार एपिडेमिकचे पत्ते घालून दोन-तीन डाव, पत्ते उघडे मांडून. मग सिनेमा. मग पाच पत्ते. सहा पत्त्यांचा डाव आमच्या मुलांनी अजून जिंकलेला नाही. येत्या रविवारी परत मांडणार आहेत, आणि यावेळी दिल्ली पहिल्यांदा साफ करायची असं त्यांनी जिन्यातच ठरवलंय.